पंच्याण्णव-शहाण्णव

ओव्हरलोड रिलेच्या अंगावर दोन बारीक स्क्रू शेजारी-शेजारी बसलेले असतात आणि त्यांच्यापाशी ९५ आणि ९६ हे आकडे उमटवलेले असतात. साखर कारखान्याच्या केन यार्डातला वायरमन असो, सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांचे पॅनल सांभाळणारा इलेक्ट्रिशियन असो, की आयटीआयमध्ये पहिल्यांदाच स्टार्टर उघडून बसलेला मुलगा असो, या जोडीचा उच्चार एका दमातच व्हायचा: पंच्याण्णव-शहाण्णव. मोटर चालेना म्हटले की जाणत्याचा हात आधी तिकडेच जातो. आपण आज या दोन स्क्रूंपासून सुरुवात करू आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या एका तारेचा माग धरत पुढे सरकू. वाटेत सोलापूर जिल्ह्यातल्या केन यार्डातली क्रेन लागेल, तिचा ब्रेक लागेल, आणि थोडे आडवाटेला वळलो तर एक मागही लागेल.

आधी आकड्यांचेच सौंदर्य पाहू. ते कोणा एका कंपनीने आपल्या मर्जीने दिलेले नाहीत. रिले पुण्यात बनलेला असो की जर्मनीत, आकडे तेच. मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलची दोन टोके ए१ आणि ए२. संपर्काच्या आकड्यातला शेवटचा अंक त्याचा स्वभाव सांगतो. १-२ म्हणजे एरवी मिटलेला, ज्याला सगळे एनसी म्हणतात. ३-४ म्हणजे एरवी उघडा, म्हणजे एनओ. ५-६ आणि ७-८ यांचे स्वभाव अनुक्रमे तेच, पण एखाद्या विशेष कामावर नेमलेले. आधीचा ९ हा अंक ओव्हरलोडसाठी राखून ठेवलेला आहे. म्हणजे ९५-९६ एवढे वाचताच कळते की हा ओव्हरलोडच्या सेवेतला, एरवी मिटलेला आणि भार असह्य झाला की उघडणारा संपर्क. शेजारचा ९७-९८ त्याच्या उलट स्वभावाचा. हा उघडला की तो मिटतो आणि पॅनलच्या दारावरचा ट्रिपचा दिवा लावतो. एक मोटर थांबवतो, दुसरा ती का थांबली ते सांगतो. दोन अंकांच्या जागेत इतका अर्थ सामावणारी ही मितव्ययी लिपी मला दर वेळी नव्याने मोहवते.

या संपर्कामागे काय हालते? रिलेच्या पोटात प्रत्येक फेजची एक, अशा तीन पट्ट्या उभ्या असतात. पट्टी दिसायला एकच, पण तिच्या दोन बाजू दोन निराळ्या धातूंच्या. ऊब लागली की एक धातू अधिक प्रसरण पावतो, दुसरा कमी, आणि त्या असमानतेतून पट्टी एका अंगाला वाकू लागते. मोटरकडे निघालेला करंट वाटेत या पट्ट्यांना तापवत जातो, म्हणून मोटरच्या तांब्याला जी धग सोसावी लागते तिचीच एक लहानशी प्रतिकृती रिलेच्या पोटात घडत असते. १० एचपीच्या मोटरचा पूर्ण भाराचा करंट साधारण १४-१५ अँपिअर. डायलचा बाण तिथे आणून ठेवायचा आणि मग रिलेचा संयम न्याहाळायचा. सेटिंगच्या १.०५ पट करंट दोन तास वाहिला तरी तो हलत नाही. १.२ पट झाला तर दोन तासांच्या आत उघडतो. मोटर जाम होऊन करंट ७.२ पटीवर गेला, तर दहाव्या वर्गाचा रिले ४ ते १० सेकंदांत निकाल देतो. सुरू होताना मोटर सहापट करंट सहज ओढते, पण तो झटका काही सेकंदांत ओसरतो, आणि पट्टी तेवढा काळ त्याला क्षमा करते. अतिरेक जितका मोठा तितकी सवलत थोडी. हे सगळे गणित धातूच्या एका वाकण्यात मावलेले आहे, आणि त्यासाठी बाहेरून एक थेंबभरही वीज मागावी लागत नाही.

त्याहून सुंदर आहे ती पट्टीची स्मृती. ट्रिप झालेला रिले लगेच रिसेट होत नाही. यार्डात ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते, वरून ओरडा होत असतो, आणि ऑपरेटर निळे बटण पुन्हा पुन्हा दाबतो. पट्टी मात्र अजून तापलेली आहे, ती सरळ व्हायला वेळ घेते. तो वेळ मोटरसाठी मागितलेला असतो. मघाचा भार विसरून नव्याने सुरुवात करण्याची मुभा मोटरच्या वाइंडिंगला नाही, म्हणून ती रिलेलाही नाही. आणखी एक बारकावा पाहा. तीनही पट्ट्या एकत्र वाकल्या तर एक सरकपट्टी सरळ पुढे जाते. पण एक फेज गेला, तर त्याची पट्टी थंड राहते, उरलेल्या दोन अधिक वाकतात, आणि त्या विषमतेने दुसरी सरकपट्टी तिरकी होऊन रिले लवकर ट्रिप होतो. शेतीपंपाच्या पेटीत सिंगल फेज प्रिव्हेंटर ही ज्या मुलखात नित्याची वस्तू आहे, फेज जाण्याने जळलेल्या मोटरी घेऊन रिवाइंडिंगच्या दुकानापुढे माणसे उभी राहिलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या तिरक्या सरकण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

रिलेचे कूळ मोठे आहे. याच जिल्ह्याच्या नावाने देशाच्या वीजजाळ्याच्या इतिहासात एक तारीख नोंदलेली आहे: ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली, आणि तोवर वेगळ्या ठेक्यावर चालणारे दक्षिणेचे जाळे उरलेल्या भारताशी एका लयीत आले. अशा वाहिनीच्या टोकांवरचे रिले करंट आणि व्होल्टेज वाचून सेकंदाच्या अंशात निवाडा करतात; त्यांच्यापुढे आपला पट्टीचा रिले फारच साधा. पण विचाराची रीत एकच. वाहत्या विजेकडे सतत कान लावून बसायचे, आणि काही बिनसले तर आपला संपर्क उघडायचा.

आता तार पुढे नेऊ. साखर कारखाने सर्वाधिक असलेला जिल्हा म्हणून सोलापूर महाराष्ट्रात ओळखला जातो; माळीनगर आणि श्रीपूर इथले कारखाने तर १९३०च्या दशकापासूनचे. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या गाड्या यार्डात येतात, वरची क्रेन काही टनांची मोळी साखळीसकट उचलते, आडवी नेते आणि गव्हाणीच्या तोंडाशी सोडते. खाली माणसे असतात. या क्रेनच्या उचलण्याच्या मोटरला, म्हणजे होइस्टला, हल्ली वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी ड्राइव्ह असतो आणि त्या मोटरचा ओव्हरलोड ड्राइव्ह स्वतःच मोजतो. पण मंद वेगात मोटर थंड राहावी म्हणून तिच्या पाठीवर एक वेगळा पंखा बसवलेला असतो, आणि त्या छोट्या पंख्याच्या मोटरला आपला पट्टीचा रिले. पंखा थांबला तर मोठी मोटर आतून तापत राहील. म्हणून त्या पंख्याच्या रिलेची पंच्याण्णव-शहाण्णव सगळ्या होइस्टच्या मुख्य साखळीत ओवलेली असते.

ही साखळी नकाशावर एका आडव्या ओळीत काढलेली असते, आणि ओळ वाचावी तशी ती डावीकडून उजवीकडे वाचायची. कंट्रोल ट्रान्सफॉर्मरमधून ११० व्होल्टचा फेज निघतो, फ्यूजमधून जातो, मग केबिनमधल्या इमर्जन्सी बटणातून, जमिनीवरच्या दुसऱ्या इमर्जन्सी बटणातून, क्रेनवर चढायच्या दाराच्या स्विचमधून, फेजचा क्रम तपासणाऱ्या रिलेमधून, अगदी वरच्या शेवटच्या लिमिट स्विचमधून, पंख्याच्या पंच्याण्णव-शहाण्णवमधून, आणि सरतेशेवटी मुख्य कॉन्टॅक्टरच्या ए१ला पोहोचतो. ए२ थेट न्यूट्रलला. एवढे सगळे एका माळेत, एकामागे एक, आणि प्रत्येक जण एरवी मिटलेला. क्रेन चालू राहण्यासाठी या सगळ्यांनी प्रत्येक क्षणी होकार देत राहावे लागतो. थांबण्यासाठी मात्र एकाचा नकार पुरतो. आणि या रचनेचा खरा रस पुढे आहे. एखादी तार उंदराने कुरतडली, एखादा स्क्रू कंपनाने सैल झाला, एखादे बटण गंजून आतून तुटले, तर त्याचा परिणामही थांबण्यातच होतो. ज्याने ही ओळ रचली त्याने बिघाडाला आधीच सुरक्षित बाजूच्या मार्गाला लावून ठेवले आहे.

ओळीच्या शेवटी कॉइलच का, आणि तिच्या पलीकडे काहीच का नाही, याकडे आपण क्षणभर थांबून पाहू. समजा एखाद्याने सोय म्हणून एक लिमिट स्विच कॉइलच्या पलीकडे, न्यूट्रलच्या बाजूला टाकला. कागदावर सर्किट तेच दिसते. स्विच उघडला की करंट थांबतो. पण यार्डातल्या धुळीत, उसाच्या चिकट भुशात, कॉइल आणि स्विच यांच्यामधल्या तारेचे इन्सुलेशन एके दिवशी घासून लोखंडाला टेकते. न्यूट्रल मुळात अर्थ केलेला, लोखंडही अर्थ केलेले. कॉइलला परतीची वाट लोखंडातून मिळते आणि स्विच उघडला तरी कॉन्टॅक्टर पडत नाही. तोच स्विच फेजच्या बाजूला असता, तर तार लोखंडाला टेकताच शॉर्ट होऊन फ्यूज उडाला असता आणि क्रेन थांबली असती. दोन्ही नकाशांत तेच घटक, तेवढ्याच तारा. फरक फक्त क्रमाचा, आणि त्या क्रमात एका माणसाचा जीव आहे. कवितेत शब्दाची जागा हलवली की अर्थ हलतो हे आपल्याला ठाऊक असते; इथे ते अर्थाहून पुढचे आहे.

माळेतला फेजच्या क्रमाचा रिले हाही असाच, वरकरणी अनावश्यक वाटणारा. ट्रान्सफॉर्मरवर दुरुस्ती झाली, दोन जंपर उलट लागले, आणि थेट कॉन्टॅक्टरवर चालणाऱ्या मोटरी उलट्या फिरू लागल्या. मग वर जाण्याचे बटण खाली नेते, आणि भयंकर गोष्ट म्हणजे वरच्या टोकाचा लिमिट स्विच वर जाण्याचा कॉन्टॅक्टर तोडतो तेव्हा प्रत्यक्षात चालू असलेला कॉन्टॅक्टर दुसराच असतो. स्विच तंदुरुस्त, तार तंदुरुस्त, पण त्यांचे म्हणणे खोटे ठरलेले. ड्राइव्हवरच्या होइस्टला हे भय नाही, कारण ड्राइव्ह येणारी वीज आधी एकदिश करून मग स्वतःचे तीन फेज नव्याने घडवतो. पण क्रेनवर थेट चालणारी एकही मोटर असेल, तर हा लहानसा रिले आपली जागा राखून आहे.

इथे एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. हंगाम ऐन भरात असताना एखादा लिमिट स्विच वारंवार दगा देऊ लागला की त्याच्या दोन टर्मिनलांमध्ये तारेचा तुकडा टाकून तो 'डायरेक्ट' केला जातो. संध्याकाळी काढू म्हणतात आणि तो तुकडा पुढच्या हंगामापर्यंत तसाच राहतो. मला या तुकड्याचा राग येतो. ज्याने तो टाकला त्याच्यावर किती दबाव असतो हे मी जाणतो, म्हणून राग माणसावर कमी आणि अशा पॅनलवर जास्त, ज्यात सात संपर्क एका माळेत टाकून दिलेले असतात आणि कोणता उघडा आहे ते शोधायला काहीच साधन ठेवलेले नसते. चांगला पॅनल बनवणारा प्रत्येक संपर्कानंतरची तार एका टर्मिनलवर बाहेर काढून ठेवतो. टेस्ट लॅम्पचे एक टोक न्यूट्रलला, दुसरे एकेका टर्मिनलला. जिथे दिवा लागेनासा होतो त्याच्या अलीकडचा संपर्क दोषी. दोन मिनिटांत निदान. असे पॅनल 'डायरेक्ट' करण्याचा मोहच होऊ देत नाही.

आता ब्रेक. होइस्टच्या ब्रेकचे पहिले सौंदर्य हे की त्याला लागण्यासाठी वीज लागत नाही, सुटण्यासाठी लागते. दाबलेल्या स्प्रिंगा लायनरला चाकावर घट्ट धरून असतात, आणि कॉइलमध्ये करंट गेला तरच चुंबक त्या स्प्रिंगांना मागे ओढून चाक मोकळे करतो. मोळी हवेत लटकलेली असताना अचानक वीज गेली तर ती जिथल्या तिथे धरलेली राहते, कारण विश्रांतीची अवस्था हीच धरून ठेवण्याची अवस्था आहे. ही कल्पना विजेहून जुनी. १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये एलिशा ओटिसने उंच उचललेल्या पाळण्यावर उभे राहून त्याचा दोर तोडून घेतला आणि पाळणा पडला नाही. दोराच्या ताणाने दाबून ठेवलेली स्प्रिंग दोर तुटताच मोकळी झाली आणि तिने पाळणा दातेरी कडांत अडकवला. सोलापुरात रेल्वे १८६०ला आली, आणि पुढे भारतीय गाड्यांना जो व्हॅक्यूम ब्रेक लागला त्याचीही जात हीच: नळीतली पोकळी टिकवून ठेवली तरच चाके मोकळी, नळी कुठेही फाटली की हवा आत शिरून ब्रेक लागतो. धरून ठेवणे हे स्वाभाविक आणि सोडणे हे सायासाचे, असा हा उलटा मांडलेला हिशेब आहे.

पण स्प्रिंग किती तत्परतेने धरते, हे पुन्हा एका तारेच्या जागेवर ठरते, आणि या सगळ्या नकाशातला माझा सर्वांत आवडता तपशील हाच आहे. ब्रेकची कॉइल डी.सी.वर चालते, पण यार्डात वीज ए.सी. येते. म्हणून मध्ये एक काड्यापेटीएवढा रेक्टिफायर. ४१५ व्होल्ट ए.सी.ची अर्धीच लहर घेणारा रेक्टिफायर असेल तर बाहेर साधारण १८७ व्होल्ट डी.सी. मिळतो. आता ब्रेक लावायचा, म्हणजे कॉइलचा करंट तोडायचा; तो कुठे तोडायचा? रेक्टिफायरच्या अलीकडे, ए.सी.च्या बाजूला तोडला, तर संपर्काला काम सोपे, ठिणगी कमी. पण कॉइल हा चिवट जीव आहे, आपल्यातला करंट ती सहजी मरू देत नाही, आणि रेक्टिफायरमधल्याच डायोडची वाट धरून तो करंट आतल्या आत फिरत, हळूहळू विझत राहतो. चुंबक तेवढा काळ स्प्रिंगांना धरून बसतो. पट्ट्यावर चालणाऱ्या कन्व्हेयरला हा विलंब मानवतो, उलट गाडी हळुवार थांबते. होइस्टवर मात्र त्याच विलंबात मोळी खाली सरकते. म्हणून इथे रेक्टिफायरच्या पलीकडे, डी.सी.च्या बाजूलाच तोडायचे. करंटला परतीची वाट उरत नाही, चुंबक तत्क्षणी सुटतो आणि लायनर चाकावर आपटल्याचा तो कोरडा, ठाशीव आवाज येतो.

या तत्परतेची किंमत संपर्काला मोजावी लागते. ए.सी.चा करंट सेकंदाला १०० वेळा आपोआप शून्यावर येतो, त्यामुळे उघडणाऱ्या संपर्कातली ठिणगी विझायला निमित्त मिळते, डी.सी.ला असे विराम नाहीत, ठिणगी लांबत जाते. म्हणून कॉन्टॅक्टरचे दोन-तीन पोल एकामागे एक जोडून तीच ठिणगी अनेक तुकड्यांत तोडायची, आणि कॉइलच्या दोन टोकांवर व्हॅरिस्टर लावायचा, म्हणजे करंट तुटताना उसळणारे व्होल्टेज तो गिळून टाकतो. ड्राइव्हच्या स्वतःच्या नाजूक रिलेवर हे ओझे कधीच टाकायचे नाही. त्याने फक्त कॉन्टॅक्टरला सांगायचे. आणि ब्रेकची वीज ड्राइव्हच्या मोटरकडे जाणाऱ्या तारांवरून तर मुळीच घ्यायची नाही. थेट सुरू होणाऱ्या मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये ही सवय वर्षानुवर्षे चालत आलेली आहे, पण ड्राइव्ह लागताच ती घातक ठरते: मंद वेगात ड्राइव्ह व्होल्टेजही कमी देतो, चुंबकाला जोर पुरत नाही आणि ब्रेक अर्धवट सुटून घासत राहतो. लायनर जळाल्याच्या वासाने ही चूक पकडली जाते.

आता ड्राइव्ह आणि ब्रेक यांच्यातला संवाद ऐकू. क्रेनवाला जॉयस्टिक पुढे करतो, पण ब्रेक लगेच सुटत नाही. ड्राइव्ह आधी मोटरमध्ये चुंबकत्व भरतो, करंट वाढवतो, मोटरच्या अंगात वजन तोलण्याइतका जोर आला आहे याची स्वतःच खात्री करतो, आणि मगच ब्रेकच्या कॉन्टॅक्टरला खूण करतो. स्प्रिंगा मागे हटेपर्यंत सेकंदाचा एक छोटा तुकडा थांबतो. मग वेग. थांबताना हाच क्रम उलट: वेग जवळजवळ शून्यावर आणायचा, ब्रेकची वीज काढायची, स्प्रिंगांनी चाक पुरते धरेपर्यंत मोटरने आपला जोर सोडायचा नाही, आणि शेवटी मोटर निवांत. विहिरीवरून परतताना एकीच्या डोक्यावरची भरली घागर दुसरीकडे जाते, तेव्हा दुसरीचे हात काठाला घट्ट बसल्याशिवाय पहिली आपले हात काढत नाही, तसे हे. मधल्या क्षणी दोघांचेही हात घागरीवर असतात, आणि त्या दुहेरी धरण्याचा काळ ड्राइव्हमध्ये आकड्यांनी भरावा लागतो. तो कमी भरला तर मोळी हिसका देऊन किंचित खाली येते आणि मग वर जाते. जास्त भरला तर मोटर मिटलेल्या ब्रेकवर झुंजत तापते. नेमका आकडा कोणत्याही पुस्तकात नसतो. तो त्या क्रेनच्या, त्या ब्रेकच्या, त्या लायनरच्या स्वभावातून यार्डात उभे राहूनच सापडतो.

मोळी खाली उतरवताना आणखी एक अद्भुत घडते. वजन मोटरला ओढते, मोटर जनित्र होते, आणि वीज उलट्या पावली ड्राइव्हमध्ये शिरते. ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर ड्राइव्हच्या पोटातला डी.सी. एरवी ५६० ते ५९० व्होल्टच्या दरम्यान असतो. आता तो चढू लागतो. तो साधारण पावणेआठशेच्या आसपास पोहोचला की चॉपर नावाचा ट्रान्झिस्टर मिटून जादा वीज एका मोठ्या रेझिस्टरमध्ये ओततो, आणि उसाचे वजन तिथे उष्णता होऊन वाऱ्यावर जाते. रेझिस्टर तापतो, म्हणून त्याच्यावर एक थर्मोस्टॅट. ठरावीक तापमानाला उघडणारा साधा एनसी संपर्क. तो कुठे जोडायचा? सहज सुचणारी जागा म्हणजे ड्राइव्हच्या इनपुटवर: तापला की ड्राइव्हला कळेल आणि ड्राइव्ह थांबेल. पण रेझिस्टर अति तापण्याचे सर्वांत वाईट कारण पाहा: चॉपरचा ट्रान्झिस्टरच शॉर्ट होऊन कायमचा मिटला. मग ड्राइव्हने थांबतो म्हटले तरी काय उपयोग? त्याचे ऐकणारा हातच निकामी झालेला आहे, आणि मुख्य पुरवठ्यातली वीज ड्राइव्हच्या डायोडांमधून थेट रेझिस्टरमध्ये जळत राहणार. म्हणून हा थर्मोस्टॅट आपल्या मघाच्या माळेत, मुख्य कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या आधी ओवायचा. ड्राइव्हला न विचारता तो पुरवठाच तोडतो. रक्षकाला कोणाच्या हाताखाली ठेवायचे नाही हा विचार या एका तारेच्या वळणात इतका निखळ दिसतो की मी नकाशात ती तार आधी शोधतो, आणि ती योग्य जागी दिसली की बाकीच्या नकाशावर माझा विश्वास बसतो.

इथून जरा आडवाटेला, टॉवेलच्या कारखान्यात जाऊ. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून आजच्या रेपियर मागांपर्यंत सोलापूर शहराने धागा तुटण्याच्या क्षणाकडे फार बारकाईने पाहिले आहे. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर पोलादाची एक पातळ पत्ती, ड्रॉपर, लटकलेली असते; धागा ताठ आहे तोवर ती अधांतरी. धागा तुटला की ती खालच्या पट्टीवर पडते, त्या पट्टीतले दोन वेगळे राखलेले धातू तिच्या अंगाने जोडले जातात, कमी व्होल्टेजचे एक सर्किट पूर्ण होते आणि माग क्लच सोडून ब्रेक लावून थांबतो. हजारो धाग्यांतला एक तुटावा आणि पुढच्या काही फेकींतच यंत्र उभे राहावे, ही किमया पाहताना मन हरखते. पण आपण आता नकाशा वाचायला शिकलो आहोत, म्हणून एक गोष्ट लगेच टोचते: इथे थांबण्यासाठी सर्किट मिटावे लागते, उघडावे लागत नाही. या पट्टीची तारच तुटली तर माग काही न कळता चालत राहील. दोष मानायचा का? मला वाटते, नाही. हजारो पत्त्यांना एरवी मिटलेले ठेवून एकाच माळेत ओवणे अशक्यच, आणि इथे चुकीची किंमत कापडातली एक विरळ रेघ आहे, माणसाचा हात नव्हे. त्याच मागाचे इमर्जन्सी बटण मात्र एनसी असते. एकाच यंत्रात दोन नियम नांदतात आणि प्रत्येकाची जागा धोक्याच्या तुलनेत ठरलेली आहे. रचनाकाराचा विवेक याच्याहून स्पष्ट कुठे दिसेल?

आणि शेवटी हात. नकाशा कितीही निर्दोष असो, तो तारांत उतरवणाऱ्या हातावाचून कागदच. पॅनलचे दार उघडल्यावर आपण आधी फेरूल पाहावेत: तारेच्या दोन्ही टोकांवर तोच आकडा, आणि दोन्ही आकडे एकाच दिशेने वाचता येतील असे बसवलेले. मग लग: तांब्याचे सगळे केस आत, एकही बाहेर नाही, आणि क्रिंप ओढून पाहिलेला. मग रंग: ए.सी. कंट्रोल लाल, डी.सी. कंट्रोल निळा, आणि मुख्य स्विच बंद केल्यावरही ज्या तारा जिवंत राहतात त्या केशरी. पॅनलमध्ये हात घालणाऱ्या पुढच्या अनोळखी माणसासाठी कोणीतरी ठेवलेली ती केशरी खूण मला फार भावते. तो माणूस कदाचित दहा वर्षांनी येणार असतो. मोटरचा वेग मोजणाऱ्या एन्कोडरची शील्ड असलेली केबल मोटरच्या केबलपासून दूर नेलेली, आणि जिथे ओलांडावीच लागते तिथे काटकोनात ओलांडलेली. दारावर जाणाऱ्या तारांच्या गुंडाळीला दार उघडे असतानाही थोडी ढील. यातले काहीही क्रेन चालण्यासाठी त्या दिवशी आवश्यक नसते, पण पुढच्या पंधरा हंगामांसाठी असते.

बॉयलरचे अग्निप्रदीपन होण्याआधी, मोळी टाकण्याच्या मुहूर्तापूर्वी, जाणता इलेक्ट्रिशियन ही माळ एकदा हाताने वाचून घेतो. क्रेन रिकामी चालू ठेवून तो एकेक संपर्क उघडतो. प्रत्येक वेळी मुख्य कॉन्टॅक्टर पडलाच पाहिजे. जिथे तो पडत नाही तिथे कोणीतरी गेल्या हंगामात तारेचा तुकडा सोडलेला आहे. मग क्रेनच्या क्षमतेच्या सव्वापट वजन जमिनीपासून हातभर उचलायचे, ब्रेकच्या चाकावर आणि त्याच्या कडेच्या स्थिर लोखंडावर खडूची एक सलग रेघ ओढायची, आणि मुख्य पुरवठा तोडायचा. रेघेचे दोन तुकडे जितके एकमेकांपासून सरकतील तितका ब्रेक ढिला. सरकले असतील तर स्प्रिंगा आवळायच्या, लायनरची फट फीलर गेजने पुन्हा मोजायची आणि रेघ पुसून नव्याने ओढायची. डिसेंबर-जानेवारीत भुसा लायनरमध्ये शिरतो, लायनर झिजतो आणि फट वाढते. तेव्हा ऐन गर्दीतही अर्धा तास क्रेन थांबवून हीच परीक्षा पुन्हा घ्यायची असते, आणि तो अर्धा तास मागून घेण्याचा अधिकार यार्डातल्या इलेक्ट्रिशियनला असायलाच हवा.